एक जून

आमच्या वयाचा माणूस मांडव्याला भेटला आणि तुम्ही त्याचा वाढदिवस विचारलात, तर तो बहुतेक एक जून सांगेल. आवास, सासवणे, धोकवडे, कुठेही जा, तेच. त्या दिवशी आकाशात काही विशेष घडलं होतं असं नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि पहिलीत घ्यायला मूल सहा वर्षांचं लागायचं. जन्माचा कागद कोणाकडे नसे. आई सांगायची, भात कापणीला आलं होतं तेव्हाचा हा, किंवा थोरल्या जावेच्या धाकट्याच्या मागचा. मग गुरुजी पोराला म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कान हाताला लागला की सहा पूर्ण. टाक दौतीत बुडायचा आणि जनरल रजिस्टरात १ जून उतरायचा.

हे गुरुजी म्हणजे माझे वडील. १९५३ च्या जूनमध्ये त्यांनी एकाच सकाळी एकाखाली एक अशी दोन नावं लिहिली. पहिलं माझं, दुसरं तेल्याच्या घरातल्या मुलाचं. दोघांची जन्मतारीख १ जून १९४७. माझा खरा जन्म ऑगस्टातला, स्वातंत्र्याच्या पंधरवड्यातला. पण नियमापुढे स्वतःच्या मुलाचीही गय करायची नाही, असा वडिलांचा बाणा होता. खरं तर एक वर्ष घरी बसवलं तर पोर हाताबाहेर जाईल, ही भीती जास्त होती. तेल्याच्या मुलाची आई म्हणाली, नागेश्वराच्या जत्रेच्या सुमाराला झाला. जत्रा कार्तिकातली, आणि त्या वर्षी अधिक मास आलेला, म्हणजे डिसेंबर धरा. मुलगा साडेपाचच वर्षांचा होता. पण हात लांब होते, कान लागला.

त्याच्या नावापुढे धर्म आणि जातीच्या रकान्यात वडिलांनी 'इस्राएल' लिहिलं. तेव्हा त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. अलिबाग तालुक्यात जसे आगरी, कोळी, माळी, भंडारी तसे इस्राएल, म्हणजे बेने इस्राएल, इथले ज्यू. अलिबागेत त्यांची आळी आहे, आळीत मागेन अबोथ हे सिनॅगॉग आहे, त्याची आजची इमारत १९१० ची. आडनावं सगळी इथलीच : केहीमकर, आवासकर, झिराडकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर. त्यांच्यात सांगतात की फार जुन्या काळी नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बाकीच्यांना नवगावलाच पुरलं. नवगाव आमच्या किनाऱ्यालाच, किहीम ओलांडलं की आलंच. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे घातले. पोथ्या समुद्राने नेल्या होत्या. राहिलं ते एवढंच : मुलांची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे, 'शेमा'ची प्रार्थना, आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. सॅम्युएलचा सामाजी झाला, अब्राहमचा अबाजी, बेन्जामिनचा बनाजी.

आमच्या लहानपणी त्यांच्या घरात घाणा उरला नव्हता. वडील मुंबईला गिरणीत, आजी आणि मुलं इथे. पण आजीचं पंचांग शाबूत होतं. वर्षातून एकदा ती आनशीचं मडकं फडक्याने घट्ट बांधून माळ्यावर ठेवायची आणि आठ दिवस आंबट म्हणून घरात काही करायची नाही. तो 'आनशी धाकायचा सण'. जग ज्याला पासोव्हर म्हणतं तो हाच, हे मला चाळिशीत कळलं. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या उपासाला ते 'बिरड्याचा सण' म्हणत. अलिबागचं वालाचं बिरडं आणि राजा सॉलोमनचं मंदिर यांची गाठ त्या आजीच्या चुलीवर पडली होती, आणि तिला त्याचं काही नवल नव्हतं.

घाण्यामागोमाग या लोकांनी हातात घेतलं ते शस्त्र. या किनाऱ्याला ते साहजिक आहे. समोर खांदेरी-उंदेरी, पलीकडे कुलाब्याचा किल्ला, पाण्यावर कधी आंगरे, कधी सिद्दी, कधी टोपीकर. चुर्रीकर घराण्यात आंगऱ्यांच्या आरमाराची नाईकी होती, असं हाइम सॅम्युएल केहीमकरांनी आपल्या समाजाच्या इतिहासात लिहून ठेवलं आहे. हा ग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला आणि छापला गेला १९३७ मध्ये, तोही तेल अवीवला. पुढे अठराव्या शतकात मुंबईची वाट रुळली आणि कंपनीच्या पलटणींत हे भरती होऊ लागले. शिपाई, हवालदार, जमादार, थेट सुभेदार-मेजरपर्यंत चढले. पेन्शन घेऊन परत अलिबाग-रेवदंड्याला येऊन घर बांधायचं, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालला.

त्यांतल्या एकाची गोष्ट तेल्याच्या घरातली आजी आम्हाला सांगायची. सॅम्युएल एझेकिएल दिवेकर, म्हणजे सामाजी हसाजी, कंपनीच्या पलटणीत होता. म्हैसूरच्या लढाईत भावांसकट टिपूच्या हाती लागला. कैद्यांची जात विचारली गेली तेव्हा यांनी सांगितलं, बनी इस्राएल. टिपूच्या आईने म्हणे हे नाव कुराणात ऐकलेलं. ती म्हणाली, यांना मारू नका. सुटून आल्यावर सामाजीने नवस फेडला आणि १७९६ मध्ये मुंबईत मशीद बंदराजवळ पहिलं सिनॅगॉग उभं केलं. आईचा भाग खरा की दंतकथा, यावर मी वाद घालणार नाही. मला त्यातला प्रश्न महत्त्वाचा वाटतो. तू कोण, असं विचारलं, तोंडी उत्तर दिलं आणि ते चाललं. पुरावा मागितला नाही.

मात्र पलटणीचं दार सगळ्यांना नेहमीच उघडं होतं असं नाही. याच जिल्ह्यातल्या महाडजवळच्या रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्यासमोर १८९० नंतर सरकारने महारांची भरती बंद केली. ज्यांच्या दोन-तीन पिढ्या कंपनीसाठी लढल्या त्यांना लढाऊ जात नाही म्हणून घरी बसवलं. वलंगकरांनी अर्ज तयार केला, पण दार उघडलं ते पहिलं महायुद्ध अंगावर आलं तेव्हा, आणि युद्ध संपल्यावर पुन्हा लागलं. माणूस हवा असतो तेव्हा लष्कर फार खोलात जात नाही. नको असतो तेव्हा आजोबांची जात आठवते.

१९४८ मध्ये इस्राएल देश झाला. १९५० मध्ये परतीचा कायदा आला : कुठल्याही ज्यू माणसाने यावं, नागरिक व्हावं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९४९ मध्ये, तिथे संरक्षण सेवेचा कायदा झाला होता. अठरा वर्षं पूर्ण झाली की मुलाने लष्करात जायचं. मुलींनाही होतं, कमी मुदतीचं. मुलांना सुरुवातीला दोन वर्षं, पुढे मुदत वरखाली होत १९६७ च्या युद्धानंतर तीन. सुटल्यावरही दर वर्षी राखीव दलाची हजेरी. हिंदुस्थानातून जाणाऱ्यांना हे नवीनच होतं. पेन्शनीच्या आशेने पलटणीत जाणं आजोबा-पणजोबांनी केलं होतं; कायद्याने बोलावणं इथल्या माणसाने पाहिलेलं नव्हतं.

तेल्याचं घर १९६३ च्या उन्हाळ्यात उठलं. जाण्याआधी जवळच्या खंडाळ्याला एलिया हन्नाबीच्या टाप्यावर, म्हणजे प्रेषित एलियाच्या खुणेच्या जागी, जाऊन त्यांनी मलिदा केला : भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर केळी आणि गुलाबाची फुलं. आम्हालाही पानभर प्रसाद आला. मग रेवसची लाँच, भाऊचा धक्का, आणि मुंबईहून पुढचं सगळं. निघण्याच्या चार दिवस आधी मुलगा शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला आला. वडिलांनी रजिस्टर उघडून तारीख जशीच्या तशी उतरवली, अंकी आणि अक्षरी : एक जून एकोणीसशे सत्तेचाळीस. त्या घरात त्या मुलाच्या वयाचा तेवढाच एक कागद होता.

त्या कागदाने काय केलं, हे पत्रांतून हळूहळू कळलं. आधी त्याची थोरली बहीण अडकली. तिकडे दिमोनाला मोरोक्कोहून आलेल्या एका मुलाशी तिचं जमलं. तिथे सरकारी नोंदणीचं लग्न नाही. ज्यू माणसाचं लग्न रब्बीच लावणार. आणि १९६२ मध्ये मुख्य रब्बीच्या कचेरीने फर्मान काढलं होतं की बेने इस्राएल मुलाचं किंवा मुलीचं लग्न समाजाबाहेरच्या ज्यूशी असेल तर आई, आईची आई, तिची आई, अशी जितकी मागे जाता येईल तितकी चौकशी करावी. त्यांची शंका अशी : शेकडो वर्षं या लोकांकडे धर्मग्रंथ नव्हते, मग त्यांचे काडीमोड शास्त्राप्रमाणे झाले असतील कशावरून? काडीमोड शास्त्रशुद्ध नसेल तर त्या बाईचं दुसरं लग्न खोटं, आणि त्यातलं मूल धर्माने लग्नाला अपात्र. शास्त्र म्हणून तर्क सरळ आहे. पण आवासच्या आजीच्या आजीचा काडीमोड झाला नव्हता, हे कोण आणि कुठल्या कागदावर दाखवणार?

तर बहिणीने माझ्या वडिलांना पत्र लिहिलं. मराठीत, इकडच्याच वळणाच्या अक्षरात. गुरुजी, आमची आजी इस्राएलच होती असा दाखला द्या. वडिलांनी दोन दिवस विचार केला. आजीचं नाव कुठल्याही शाळेच्या रजिस्टरात नव्हतं. ती शाळेत गेलीच नव्हती. शेवटी ते गावातल्या तीन-चार म्हाताऱ्यांकडे बसून आले आणि पांढरपेशा इंग्रजीत एक पान लिहिलं. त्यात एवढंच होतं की हे कुटुंब मी ओळखतो, आणि गावातल्या वृद्धांच्या सांगण्यानुसार यांच्या घरचा तेलाचा घाणा शनिवारी कधीही फिरला नाही. खाली सही, आणि शाळेचा गोल शिक्का. शिक्का मारायचा अधिकार होता की नव्हता, याची चिंता त्यांनी केली नाही. आई म्हणाली, घाण्याचं कशाला लिहिलंत, तिकडे हसतील. वडील म्हणाले, मला दुसरं काही ठाऊकच नाही.

अशा अडवणुकीने तिकडे आधीच खदखद होती. सुरुवातीला गेलेल्या लोकांतल्या दीडशेच्या आसपास माणसांनी १९५१ मध्ये काम, वागणूक आणि रंगाच्या भेदावरून तेल अवीवला ज्यूइश एजन्सीच्या दारात ठाण मांडलं होतं. १९५२ मध्ये एजन्सीने त्यांना विमानाने मुंबईला परत पाठवलं. गंमत म्हणजे त्यांतले बरेचजण नंतर पुन्हा तिकडे गेले. लग्नाच्या फर्मानावर मात्र लोक हटले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला धरणं आणि उपोषण झालं. १७ ऑगस्टला त्यांच्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. महिनाअखेरीस रब्बींनी फर्मानातून 'बेने इस्राएल' हे नाव काढलं आणि ज्याच्याबद्दल शंका असेल तो, असं मोघम लिहिलं. बहिणीचं लग्न त्यानंतर लागलं. वडिलांचा कागद रब्बीने वाचला की नाही, कोणालाच कळलं नाही.

आणि याच काळात धाकट्याला 'त्साव रिशोन' आला. म्हणजे पहिलं बोलावणं : अमुक दिवशी अमुक कचेरीत नोंदणीला हजर व्हा. कचेरीत आजीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. छाती मोजली, डोळे तपासले, आणि मांडव्याच्या शाळेचा दाखला समोर ठेवून वय मोजलं. माझ्या वडिलांनी कानावरून ठरवलेली तारीख तिथल्या कारकुनाने हिब्रूत उतरवून घेतली. एका खिडकीवर बहिणीला पाच पिढ्यांचा हिशोब मागत होते, आणि त्याच देशाच्या दुसऱ्या खिडकीवर भावाला गणवेश देत होते. दोन्ही खिडक्यांवर त्यांच्याकडे होते ते कागद एकाच शाळेचे. एक लष्कराला पुरला, दुसरा रब्बीला पुरेना.

हे फक्त तिकडचं आहे असं मला वाटायचं. मग पुतणी न्यू जर्सीला गेली आणि तिच्या मुलाच्या अठराव्या वर्षी घरात एक नवीन विषय निघाला. अमेरिकेत १९७३ पासून सक्तीची भरती बंद आहे, पण अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्यावर, १९८० मध्ये, अध्यक्ष कार्टर यांनी नावनोंदणी पुन्हा सुरू केली. अठरा ते पंचवीस वयाच्या मुलांनी नाव द्यायचं. नागरिकांनी द्यायचंच, ग्रीन कार्डवाल्यांनी द्यायचं, आणि ज्याच्याकडे देशात राहायचा काहीही कागद नाही त्यानेही द्यायचं. सूट कोणाला, तर ज्याचा व्हिसा चालू आहे अशाला. आईबापाच्या व्हिसावर राहणाऱ्या आमच्या या नातवाला म्हणून अठराव्या वर्षी सूट मिळाली. पण तो व्हिसा मुलाला एकविसापर्यंतच. त्यानंतर स्वतःचा कागद झाला नाही आणि तो तिथेच राहिला, तर देशाच्या लेखी तो तिथे नाही, आणि लष्कराच्या यादीत मात्र त्याचं नाव हवं. नोंदणीच्या फॉर्मवर तुझा व्हिसा कुठला, असा प्रश्नच नाही. आणि नाव दिलं नाही तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात तीच गोष्ट आडवी येऊ शकते. पुतणीला मी फोनवर म्हटलं, अगं, हे तर आपल्या तेल्याच्या घरचंच झालं. तिला संदर्भ लागला नाही. आमचा नातू शेवटी विद्यार्थी व्हिसावर गेला आणि प्रश्न पुढे ढकलला गेला. त्याच्या वर्गातल्या सगळ्यांचा ढकलला गेला नसेल.

त्याच देशात १९१८ मध्ये भगतसिंग थिंड हा पंजाबी तरुण सैन्यात होता. डिसेंबरमध्ये गणवेशातच त्याला नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढून घेतलं, कारण तो गोरा नाही. पुन्हा मिळवलं, तर १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा नाकारलं. बंदूक धरायला त्याचा रंग चालला होता.

तेल्याच्या घरातला तो मुलगा, माझा मित्र, परत आला तो १९९४ मध्ये. दोन वर्षांपूर्वी भारत आणि इस्राएलचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले होते, येणंजाणं सोपं झालं होतं. गेटवे-मांडवा बोट, असली चैन तेव्हा आमच्या डोक्यात नव्हती. तो जुन्या सवयीने भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने आला. डोक्यावर टोपी, पोट सुटलेलं, हात मात्र तेच. म्हणाला, "काय रं, वलखलास का मना?" एकतीस वर्षांत आमची बोली त्याने जशी नेली तशी ठेवली होती. इथे आम्ही टीव्हीवरची मराठी बोलायला लागलो होतो.

आधी घराकडे गेलो. घर दुसऱ्याने घेतलं होतं, पुढे पत्र्याची पडवी काढली होती. पण दाराच्या चौकटीवर उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर, बोटभर लांबीची तिरपी खाच तशीच होती. तिथे त्यांची मझूझा असायची, प्रार्थनेची नळी. रंगाचे दोन-तीन थर बसले तरी खाच बुजली नव्हती. नव्या मालकीणबाईंनी तिच्यात एक खिळा ठोकून पिशवी अडकवली होती. त्याने खाचेवर बोट ठेवून ओठांना लावलं. बाई म्हणाल्या, पिशवी काढू का? तो म्हणाला, नको, असू दे, दूध असंल.

मग शाळा. मी तेव्हा शिक्षक होतो, रजिस्टर काढणं माझ्या हातात होतं. १९५३ चं पान वाळवीने कडेला खाल्लं होतं, पण दोन ओळी शाबूत होत्या. त्याने चष्मा लावून वडिलांचं अक्षर बराच वेळ पाहिलं. मग बोट फिरवत वर गेला, खाली गेला. एक जून, एक जून, एक जून. हसायला लागला.

"तुज्या बापसानं मना सहा म्हैने आगोदर लष्करात घातला," तो म्हणाला.

मी म्हटलं, मग दुरुस्ती का नाही करून घेतलीस? तर म्हणाला, केली असती तर पुरावा काय देणार होतो, नागेश्वराची जत्रा? आणि सहा महिने उशिरा गेला असता तरी जून १९६७ मध्ये तो गणवेशातच असता. ते सहा दिवस त्याने कुठे काढले, हे मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. एवढंच म्हणाला की त्याच्या तुकडीत इराकचे, येमेनचे, रुमानियाचे मुलगे होते, आणि त्या सगळ्यांच्या तारखा कोणा ना कोणा मास्तरानेच ठरवलेल्या होत्या.

मी ३१ मे २००५ ला निवृत्त झालो. जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीस घरी जायचं, हा सरकारी नियम. खऱ्या तारखेने गेलो असतो तर आणखी तीन महिन्यांचा पगार मिळाला असता. त्याला सहा महिने भुर्दंड, मला तीन. वडिलांचा हिशोब तेवढा सारखा नव्हता. आता जन्माची नोंद १९६९ च्या कायद्याने सक्तीची आहे, आणि आमच्या शाळेत कोणी कान धरायला सांगत नाही.

दर एक जूनला त्याचा फोन येतो. दोघेही आज आपला वाढदिवस नाही हे जाणून एकमेकांना शुभेच्छा देतो. गेल्या वेळी सांगत होता, धाकट्या नातवाला त्साव आला. मी विचारलं, तारीख बरोबर आहे ना? तो म्हणाला, बरोबर म्हणजे, अश्दोदच्या हॉस्पिटलात जन्मलाय, वेळ मिनिटासकट कागदावर आहे. मग थोडं थांबून म्हणाला, ह्याचा कान कोनी धरला नाय.